जागा धरलीस काय?

दुपारचं जेवण आटोपून वरच्या डेकवर आले, तर तलावाकाठच्या आरामखुर्च्या सगळ्या भरलेल्या. माणूस मात्र एखाद्याच खुर्चीत. एकीवर जहाजाचा निळा टॉवेल, एकीवर पालथं घातलेलं पुस्तक, एकीवर थेपल्यांचा डबा, आणि अगदी कोपऱ्यातल्या खुर्चीवर चौकडीचा रुमाल. चारही टोकं नीट ताणलेली, वर वजनाला चष्म्याचं घर. तो रुमाल बघून मला गाववाला भेटल्याचा आनंद झाला. हा माणूस निपाणीचा नसला तर संकेश्वरचा तरी असणारच.

आमच्या या क्रूझची बेळगावात आधीच भरपूर चेष्टा झाली होती. रात्रभर बसमध्ये अंग आखडून मुंबईला जायचं, आणि तिथून जहाजात बसून यायचं कुठे, तर गोव्याला! अनगोळच्या नणंदबाई म्हणाल्या, "चोर्ल्यातनं गेलं तर नाष्टा करून निघून जेवायला पणजीत पोचतंय की. एवढं फिरून कशाला?" उत्तर नव्हतं. पण पुतणीने हौसेने तिकिटं काढली होती, म्हणून ती, तिची आई म्हणजे माझी धाकटी जाऊ, आणि मी अशा तिघी निघालो. गोवा झाला. मांडवी बघितली, तर ती आमच्या खानापूर तालुक्यातलीच म्हादई. तिच्या पाण्यावरून तीन राज्यं लवादापर्यंत गेली, आणि ती आपली निवांत समुद्राला मिळतेय.

खरी मजा म्हणे परतीच्या दिवसाची. दिवसभर किनारा नाही, उतरणं नाही, काही बघायचं नाही. जहाजालाही घाई नव्हती. खोलीतल्या टीव्हीवर वेग दाखवत होते, 12 नॉट. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर, म्हणजे आम्ही ताशी बावीसच्या आसपास. खानापूरची बससुद्धा याहून जोरात जाते. सकाळी दाराखालून कार्यक्रमाचा कागद सरकवलेला होता: योगासनं, हाऊजी, नॅपकिनच्या घड्या घालायचा वर्ग, रात्री जादूचे प्रयोग. पुतणी म्हणाली, "काकू, यातलं काहीच केलं नाही तरी चालतंय. आज फक्त आराम."

आराम करायचा तर आधी जागा नको का?

सौंदत्तीच्या यल्लम्माला जायचं म्हणजे बाबा आम्हाला पहाटेच सेंट्रल बसस्टँडवर उभं करायचे. लाल बस वळण घेऊन आत शिरली की ती थांबायच्या आत बाबा तिच्या बाजूने पळत सुटायचे आणि खिडकीतून रुमाल फेकायचे. फेकायचीही एक रीत होती. नुसता भिरकावला तर वाऱ्याने परत तोंडावर येतो. म्हणून एका टोकाला गाठ मारून, तीत किल्ली बांधून. एकदा का रुमाल बाकावर पडला की ती जागा आपली. बाहेर दहा पैशांसाठी मारामारीवर येणारी माणसं आत गेल्यावर परक्याच्या रुमालापुढे मुकाट सरकून उभी राहायची. एकाच बाकावर दोन रुमाल पडले तर खालचा कुणाचा ते बघायचं, वरचा आपोआप बाद. टोपी चालायची, वर्तमानपत्र जरा कच्चं समजलं जायचं, आणि चप्पल टाकणाऱ्याकडे लोक चप्पल टाकणाऱ्याकडे बघावं तसंच बघायचे. सगळ्यात पक्की जागा म्हणजे ड्रायव्हरच्या दारातून आत चढवलेलं पोर.

ते पोर मी. पाय फाकून, दोन्ही हात पसरून तीन माणसांची जागा व्यापून बसायचं आणि जो येईल त्याला सांगायचं, "आमची माणसं येतायत." आई धाकट्याला काखेत मारून गर्दीतून वर चढायची आणि पहिला प्रश्न तोच: "जागा धरलीस काय?" वर्गात कधी पहिला नंबर आला नाही, पण त्या बाकावरून खिडकी गाठलेली मी म्हणजे गावची पाटलीण.

ही खोड अंगातून गेलीच नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या खुर्चीवर माझी पर्स असते, कुणासाठी ते मलाच माहीत नसतं. दवाखान्यात गेले तरी आधी बाक बघते, मग दुखणं सांगते. जहाजावरही सकाळी सातला जाऊन दोन खुर्च्यांवर शाल आणि ओढणी पसरून आले होते. मग नाश्त्याला खाली गेले. इडली समोर, जीव वर शालीत. जाऊ म्हणाली, "अक्का, खुर्ची पळून जातेय काय? जेव की निवांत." निवांत कसली जेवते! दुपारी वर आले तर शाल जाग्यावर होती, ओढणी घडी करून शेजारच्या टेबलावर ठेवलेली, आणि त्या खुर्चीत मुंबईच्या एक बाई गाढ झोपलेल्या. कायद्याने जागा माझी होती. पण घोरणाऱ्या माणसाला उठवायचं कलम त्या कायद्यात नाही.

पुतणी सांगत होती, बाहेरच्या मोठ्या जहाजांवर अर्धा-पाऊण तास कुणी फिरकलं नाही तर कर्मचारी खुर्चीवरचा टॉवेल सरळ उचलून नेतात. पहाटे उठून टॉवेल टाकतात म्हणून इंग्रज लोक जर्मनांची टर उडवतात म्हणे. ऐकून बरं वाटलं. किल्ली तेही बांधतात का, ते विचारायचं राहिलं.

त्या बाई जाग्या झाल्यावर बोलक्या निघाल्या. म्हणाल्या, "तुमचं मराठी छान आहे हो. पण तुम्ही नक्की महाराष्ट्रातल्या की कर्नाटकातल्या?" आता 1956 पासून जो प्रश्न सुटलेला नाही, 2004 पासून जो सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, तो मी त्या खुर्चीवर कसा सोडवू? म्हटलं, "बेळगावच्या." त्यांनी मग कुंद्याचा विषय काढला. तो सोपा.

डावीकडे नुसतं पाणी, उजवीकडेही पाणीच, पण त्या उजवीकडे कुठेतरी वेंगुर्ला असणार. आजीचं माहेर वेंगुर्ल्याचं. आंबोलीचा घाट चढून ती बेळगावची सून झाली, पण भाऊ मुंबईत गिरणगावात होता, म्हणून माहेरी आली की आगबोटीने मुंबईची एखादी खेप व्हायची. बोट बंदराला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी. पडावात बसून तिथवर जायचं, आणि डगमगत्या पडावातून वर चढल्याचढल्या पहिलं काम म्हणजे डेकवर पथारी टाकणं. वळकटी सोडायची, चादर जेवढी पसरेल तेवढी पसरायची आणि चार कोपऱ्यांना चार बोचकी ठेवायची. मग भाऊचा धक्का येईपर्यंत तेवढं तुमचं राज्य. आजी म्हणायची, चिमणीजवळ बसू नये, कोळशाची कणी डोळ्यात जाते. खाली जाऊ नये, मळमळतं. कठड्यालगत पण वाऱ्याच्या आड, अशी जागा धरावी. आवळकाठी हाताशी ठेवावी. बाबा रुमाल टाकायला कुणाकडून शिकले, ते मला तिचं ऐकूनच कळलं होतं.

पण पुढे तिने आगबोट सोडलीच. मुंबईला जायचं तर मिरजेवरून रेल्वेने, कितीही हाल झाले तरी.

आमचं जहाज मुंबईहून सुटायच्या आधी भोंगा वाजवून कवायत घेतली होती. सात आखूड, एक लांब. जाकीट कसं बांधायचं ते दाखवलं, आणि कोणी कुठे जमायचं ते प्रत्येकाच्या कार्डावर छापलेलंच होतं. बाजूला टांगलेल्या नारिंगी बोटींवर किती माणसं मावतात तो आकडाही रंगवलेला. जाऊ हसली, "अक्का, हितं तुला पळायला नको बघ. जागा आधीच धरून ठेवलेय." मीही हसले होते.

17 जुलै 1947. अमावास्या होती. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली रामदास बोट वाटेतच कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आजीचं त्यात कोणी नव्हतं. पण धक्का तिच्या पायाखालचा होता. त्या सकाळीही लोक तिथे पळत सुटले असणार. आवसेला घर गाठायचं, पाऊस, हातात बोचकी, पोरं पुढे ढकललेली, पथाऱ्या पसरलेल्या, आमची माणसं येतायत म्हणून ओरडणं. आणि जागा मिळाली नाही म्हणून चरफडत मागे फिरलेलंही कोणी असेलच.