कॅमेऱ्याची थरथर

तुडतुडे बसतात पानाच्या खालच्या अंगाला. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासांत वाकून पानं उलटत फिरणं बाबांच्या कमरेला आता झेपत नाही. म्हणून हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या वावरासाठी मी चार चाकांचा रोबोट करायला घेतला. त्यात रास्पबेरी पाय हा छोटासा कॉम्प्युटर (पुढे नुसतं 'पाय'), कॅमेरा आणि कॅमेऱ्याची मान फिरवायला दोन एसजी 90 सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या छोट्या मोटरी.

चाकं पहिल्याच दिवशी चालली. कॅमेरा मात्र एका जागी ठरेना. बाबा म्हणाले, "याले हिव भरलं का रे?" त्यात दोन्ही सर्व्हो एकदम फिरले की पाय बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा.

मला वाटलं, सर्व्होच हलके निघाले. नागपूरहून धातूच्या गिअरचे एमजी 90एस आणले. थरथर तीच! पैशांपेक्षा गेलेल्या आठवड्याचं जास्त वाईट वाटलं, कारण तुडतुडे काही थांबले नव्हते.

मग मल्टिमीटर लावला. सर्व्होचा दांडा बोटानं हलकेच अडवला, तर 5 व्होल्टचे 4.5 झाले. सर्व्हो मी पायच्याच 5 व्होल्टच्या पिनेवर चालवत होतो. दांडा अडला की एवढासा सर्व्होही अर्ध्या अँपिअरहून जास्त ओढतो, आणि पाय उपाशी राहतो.

घरात फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी होती. व्होल्टेज कमी करणाऱ्या एलएम 2596 च्या मॉड्यूलवर आधी 5 व्होल्ट नीट जुळवले, मगच सर्व्हो जोडले. तर ते वाटेल तसे फिरू लागले! पायचा आणि बॅटरीचा ग्राउंड, म्हणजे उणे बाजू, मी एक केला नव्हता. सिग्नल कशाच्या तुलनेत मोजायचा हे सर्व्होला कळणार कसं? एका काळ्या वायरीचं काम होतं, त्यात पूर्ण संध्याकाळ गेली.

पाय बंद पडणं थांबलं, पण थरथर थोडी उरलीच. व्हिडिओ सुरू असताना ती वाढते, बंद केला की कमी होते, हे लक्षात आलं आणि खरी गाठ सुटली. सर्व्होला दर 20 मिलिसेकंदांनी एक पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, लागते; ती 1.5 मिलिसेकंदांची असेल तर मान मधोमध. माझा प्रोग्रॅम ही पल्स सॉफ्टवेअरनं मोजत होता. पायवरची लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम व्हिडिओत गुंतली की मोजणी चुकायची, आणि 10 मायक्रोसेकंदांची चूक म्हणजे जवळपास एक अंश. तुडतुड्याएवढ्या किडीवर कॅमेरा रोखताना एवढं हलणं चालत नाही.

पीसीए 9685 चा बोर्ड लावला. तो 20 मिलिसेकंदांचे 4096 भाग करून पल्स स्वतःच देतो. पायनं फक्त आकडा सांगायचा, मधल्या जागेसाठी 307. मान तिथल्या तिथे स्थिर झाली. खाली झुकताना टोकाला घुंघुं आवाज यायचा, म्हणून टोकाच्या थोडं अलीकडेच हद्द बांधली. अडलेला सर्व्हो तापून जळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी धुऱ्यावर बसून मोबाइलमध्ये पानाची खालची बाजू पाहिली आणि तुडतुडे मोजले. तीन होते.