तुम्ही विचारलंत म्हणून: समोर कोणी नसताना जिंकलेली गाडी

‘ऑडी गेली, पोर्शे गेली, मैदान मोकळं झालं, मग २०१८ ला टोयोटा ल माँ जिंकली त्याचं एवढं काय कौतुक?’ दर जूनमध्ये, फ्रान्समधली ही २४ तासांची मोटार शर्यत आली की, कोणी ना कोणी विचारतंच. आजवर हसून सोडून दिलं. आता एकदाच लिहून टाकतो.

आधी तुमच्या बाजूचं. खासगी संघांच्या बिगर-हायब्रिड गाड्यांपेक्षा टोयोटाला एका टाकीत एक फेरी जास्त, अशी सोय नियमातच होती. तिसरी आलेली गाडी १२ फेऱ्या मागे. चुरस नव्हती, मान्य.

पण टोयोटाची ती हायब्रिड गाडी, टीएस०५०, काही मोकळ्या मैदानासाठी बनली नव्हती. २०१५ मध्ये पोर्शे-ऑडीने धुतल्यावर टोयोटाने ३.७ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि वीज साठवणारा सुपरकपॅसिटर दोन्ही काढून टाकले. जपानमधल्या हिगाशी-फुजीत २.४ लिटरचं ट्विन-टर्बो व्ही-६ तयार झालं, जोडीला लिथियम-आयन बॅटरी. सांगाडा जर्मनीतल्या कोलोनचा. (‘मग ती जपानी कशी?’ त्यावर नंतर भांडू.)

आणि मग १९ जून २०१६. तेव्हा आपल्याकडे ल माँ रविवारी संध्याकाळी साडेसहाला संपायची. टोयोटाच्या पाच नंबरच्या गाडीत चालक काझुकी नाकाजिमा, पोर्शेच्या मिनिटभराहून पुढे, शेवटची काही मिनिटं उरलेली. मी पेढे आणायच्या गोष्टी करत होतो. तेवढ्यात रेडिओवर त्याचा आवाज: पॉवर नाही. वेग उतरत गेला. ‘अरे, थांबली की ती,’ आई म्हणाली. सरळ पट्ट्यावर, अगदी स्वतःच्या पिटसमोर (संघाच्या दुरुस्तीच्या जागेसमोर) गाडी उभी, आणि पोर्शे बाजूने निघून गेली. नंतर कळलं, टर्बोचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबणारा) आणि ती हवा थंड करणारा इंटरकूलर यांच्यामधल्या नळीत दोष होता, त्यामुळे टर्बोवरचं नियंत्रणच गेलं. सेटिंग बदलून त्यांनी पॉवर परत आणली, गाडी हललीही. पण तेव्हाच्या नियमाने शेवटची फेरी सहा मिनिटांच्या आत हवी होती, हिला अकराहून जास्त लागली. म्हणजे दुसरा क्रमांकही नाही. २४ तास पळून निकालात जागाच नाही.

त्या रात्री मी घसा फोडून सांगत होतो: पोर्शे जिंकली नाही, टोयोटा हरली. आणि २०१८ बद्दल तुम्हाला काय सांगतो? की ल माँमध्ये खरा प्रतिस्पर्धी घड्याळ, शेवटपर्यंत टिकणं हीच शर्यत. मग २०१६ ला पोर्शे चोख जिंकली, नाही का? ही विसंगती मला दिसत नाही असं समजू नका. तेव्हाचा मी आताच्या माझ्याशी चहाही घेणार नाही.

२०१७ ला टोयोटाच्या कोबायाशीने ३:१४.७९१ ची फेरी मारून पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतली. शर्यतीत आघाडीवर असताना रात्री त्याच गाडीचा क्लच गेला. समोर पोर्शे होती, वेगही होता, उपयोग शून्य. म्हणून २०१८ आधी चाचण्यांत मुद्दाम बिघाड घडवले गेले, तीन चाकांवर गाडी पिटपर्यंत आणण्याचा सरावसुद्धा झाला. मग ३८८ फेऱ्या, बिघाडाने कुठेही न अडता. मला कौतुक आहे ते याचं. पोर्शे असती तर? ठाऊक नाही, आणि ‘नक्की जिंकलीच असती’ असं मी आता म्हणतही नाही.

वर २०१९. शेवटच्या तासात आघाडीवरच्या टोयोटाच्या सात नंबरच्या गाडीला पंक्चरचा इशारा आला. सेन्सरची जोडणी उलटसुलट, त्यामुळे चांगलंच चाक बदललं गेलं, परत पिटमध्ये यावं लागलं, आणि जिंकली टोयोटाचीच आठ नंबर. तेव्हाही समोर कोणी नव्हतंच. आता हे तुमच्या बाजूला धरायचं की माझ्या, तुम्हीच ठरवा.