मागे घेतलेले निबंध अजून आमच्या स्लाइडवर

खुब्याचं हाड मोडलेल्या वयस्कर पेशंटना भूल देणं हे माझं नेहमीचं काम. मी गोव्यात म्हापशात असते, पेशंट पेडण्यापासून डिचोलीपर्यंतचे. ऑपरेशन सुरळीत होतं आणि दुसऱ्या रात्री आजी सलाइन ओढून काढते, सुनेला ओळखत नाही, चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, कधीच होऊन गेलेली असताना ‘माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधली गो?’ म्हणून विचारत राहते. घरचे देवळात गाऱ्हाणं घालून येतात. हा डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला भ्रम, बहुतेकांचा काही दिवसांत उतरतो, काही जण मात्र पूर्वीसारखे होत नाहीत. म्हणून गुंगी किती खोल ठेवावी, औषध कुठलं द्यावं, यावर छापून येणारं मी जिवाच्या आकांतानं वाचते.

परवा एका ज्युनियरच्या सेमिनारच्या स्लाइड तपासताना संदर्भांत एक मागे घेतलेला, म्हणजे छापून आल्यावर बाद ठरवलेला, शोधनिबंध दिसला. त्यानं तो एका रिव्ह्यूमधून, म्हणजे अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र मांडणाऱ्या आढाव्यातून, घेतला होता. पूर्वी उतरवून ठेवलेल्या पीडीएफवर ‘रिट्रॅक्टेड’ असा शिक्का उमटत नाही, त्यामुळे पोराला कळणार कसं?

आमच्या शाखेत हे दुखणं जुनं आहे. ऑपरेशननंतरच्या वेदनांवर लिहिणाऱ्या अमेरिकेच्या स्कॉट रूबेननं आकडे रचले होते. 2009 साली त्याचे निबंध मागे घेतले गेले. तरी पाच वर्षांनंतरही त्यातल्या जवळपास निम्म्यांचे दाखले दिले जात होते, आणि निबंध बाद झालाय हे त्या दाखल्यांपैकी फक्त चौथ्या हिश्श्यात नोंदवलेलं होतं. जर्मनीच्या योआखिम बोल्टचं प्रकरण तर मला झोपू देत नाही. शिरेतून देण्याच्या स्टार्चच्या द्रावणावर त्याचं काम होतं, आणि त्याचेही बरेच निबंध मागे घेतले गेले. 2013 च्या एका मोठ्या आढाव्यात त्याच्या 7 चाचण्या वगळल्या, तेव्हा त्या द्रावणानं गंभीर आजारी पेशंटमध्ये मृत्यू आणि मूत्रपिंडाची इजा वाढते हे उघडं पडलं. त्या 7 चाचण्या बेरजेत होत्या तोवर मृत्यूंचा धोका झाकलेला होता.

प्रामाणिक निष्कर्ष पुढे टिकला नाही, तर त्याबद्दल माझी तक्रार नाही. भूलतज्ज्ञ फ्रेडरिक सीबर यांच्या 2010 च्या 114 पेशंटांच्या चाचणीत हलक्या गुंगीनं डिलिरियम निम्म्यावर आला होता. 2018 साली त्यांनीच 200 पेशंट घेऊन पुन्हा पाहिलं, एकूणात फरक दिसला नाही, आणि तसं त्यांनी छापलं. असं काम मी डोळे झाकून शिकवायला घेईन.

आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक स्लाइडचे संदर्भ पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर ताजे उघडून बघायचे, असा नियम केलाय. रिट्रॅक्शन वॉचची मागे घेतलेल्या निबंधांची यादी 2023 पासून सगळ्यांना खुली आहे, तीही बघायची. आणि रिव्ह्यूमध्येच बाद निबंध सापडला, तर तो वगळून बेरीज पुन्हा मांडा, असं संपादकांना लिहायचं. त्या रिव्ह्यूबद्दलचं पत्र मी आणि त्या ज्युनियरनं मिळून पाठवलंय.