पेटीचा भाता मिडीत आणताना: नोंद तिसरी

आजोबांची पेटी संगणकावर मिडीने (कीबोर्डचे आदेश आकड्यांत पाठवायची पद्धत) वाजवायचा खटाटोप चालू आहे. मागच्या नोंदीत इथवर आलो होतो: आजोबांची सव्वातीन सप्तकांची पेटी, 39 पट्ट्यांचे सूर एकेक करून रेकॉर्ड केलेले, लूप लावलेले (म्हणजे पट्टी धरली तोवर सूर फिरून फिरून चालू राहतो), कुठल्या पट्टीला कुठलं रेकॉर्डिंग ते सांगणारी एसएफझेड फाइल तयार आणि स्फोर्झांडो या सॉफ्टवेअरमध्ये वाजतेय. खूश होऊन भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांना ऐकवलं. त्यांनी अख्खी गवळण शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "सूर तुझ्या आजोबांच्याच पेटीचा आहे रे. पण भाता कोण मारतंय?"

गेले तीन आठवडे त्या प्रश्नापायी गेले.

मुळात घोळ मी पियानोची सवय पेटीला लावल्यामुळे झाला होता. पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा, म्हणजे व्हेलॉसिटी. पेटीला त्याचं काही सोयरसुतक नसतं. पट्टी फक्त झडप उघडते; हळू दाबा नाहीतर आपटा, सूर तेवढाच. आवाज ठरवते आत कोंडलेली हवा, आणि ती सगळ्या सुरांत सामायिक असते. म्हणून फाइलमधला व्हेलॉसिटीचा परिणाम शून्यावर आणला आणि आवाज सीसी 11 वर, म्हणजे एक्स्प्रेशनवर टाकला (सीसी म्हणजे मिडीतला आकड्यांनी चालणारा नियंत्रक). सीसी 7 त्यासाठी वापरू नका. तो मिक्सिंगमधल्या ट्रॅकच्या आवाजाचा. तिथे भाता बांधलात तर पुढे ट्रॅकची पातळी लावताना भाता आणि फेडर (आवाजाची सरकपट्टी) एकमेकांच्या उरावर बसतात.

नुसता आवाज कमीजास्त करून मात्र रेडिओचं बटण फिरवल्यासारखं वाटायचं. खऱ्या पेटीत दाब वाढला की सुराला धार चढते. म्हणून प्रत्येक पट्टीचे मऊ आणि जोरकस असे दोन थर रेकॉर्ड केले आणि सीसी 11 नेच एकातून दुसऱ्यात क्रॉसफेड लावला. टोकांना सुरेख, मधोमध मात्र सूर लाटांसारखा डुलायला लागला. अर्धा दिवस लूपला दोष देत बसलो. शेवटी ट्यूनर लावला तेव्हा कळलं: दाब वाढला की सूर किंचित उतरतो. माझ्या दोन थरांत मधल्या सप्तकात पाच-सहा सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक होता. दोन्ही एकदम वाजले की डोल येणारच.

थर एका सुरात आणता आले असते. पण 78 सॅम्पल पुन्हा जुळवण्याचा मला कंटाळा आला, हे खरं कारण. मऊ थर काढून टाकला. आता जोरकस थर एकटाच आहे. सीसी कमी झाला की सुराची धार कापणारा लो-पास फिल्टर खाली येतो आणि सूर चार सेंट चढतो. ऐकायला दोन थरांपेक्षा हेच बरं वाटतंय.

पिच बेंडचा, म्हणजे कीबोर्डवरच्या चाकाने सूर वरखाली सरकवण्याचा, मोहही झाला. पेटीत मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, नाही ही जुनी तक्रार. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला बाहेर ठेवलं त्यामागे हाही आक्षेप होता. चाक फिरवलं की मींड येते, पण मग ती पेटी राहत नाही. बेंड बंद.

आता खरी गंमत. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये माउसने काढलेली सीसीची रेघ काढलेलीच वाटते. कीबोर्डच्या मोड व्हीलवर (सीसी पाठवणाऱ्या चाकावर) डावा हात ठेवला तर तो भात्यासारखा हलत नाही. म्हणून एका मोडक्या पेटीच्या भात्याच्या बिजागरीला 10 किलोओहमचं पोटेन्शिओमीटर (किती फिरलं ते सांगणारा भाग) बसवलं आणि ते आर्डुइनो लिओनार्डो या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला जोडलं. हा बोर्ड यूएसबीवर थेट मिडी म्हणून दिसतो.

भाता कुठे आहे तो आकडा सरळ सीसी 11 ला पाठवला, तर पेटी दम लागल्यासारखी वाजली. कारण उघड आहे. बाहेरचा भाता फक्त हवा भरतो. दाब राखतो तो आतला, स्प्रिंगवाला भाता. म्हणून प्रोग्राममध्ये एक 'टाकी' ठेवली: भाता मिटताना जेवढा हलला तेवढी भर, उघडताना काही नाही, आणि दर 10 मिलिसेकंदांनी थोडी गळती. बाहेर जाते ती टाकीची पातळी, 0 ते 127, आणि तीही बदलली तरच. उगीच तेच तेच आकडे पाठवले की रीपरमधली लेन ठिपक्यांनी भरून जाते आणि नंतर दुरुस्तीची सोय राहत नाही.

काकांनी रविवारी वाजवून पाहिलं. तीन सूर एकदम धरले आणि थबकले. "तीन पट्ट्या दाबल्या तरी हवा तेवढीच? आमच्या वेळी हात दुखायचा." बरोबर. कीबोर्डचे नोट ऑन (पट्टी दाबल्याचे निरोप) आर्डुइनोपर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे गळती एका पट्टीला आणि दहा पट्ट्यांना सारखीच. या आठवड्यात रीपरमधून नोट परत बोर्डाकडे पाठवून उघड्या पट्ट्या मोजायच्या आहेत. शिवाय खर्जाचे सूर कमी दाबाला उशिरा बोलतात, तो अटॅकही (सूर सुरू होण्याची पद्धत) सीसी 11 वर बांधायचा राहिलाय.