ऊन पाठीवर

"माझं तोंड काळं आलंय की रे बाळा!"

सिद्धेश्वर तलावाच्या काठावर हार विकणाऱ्या आजी कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. खरंच होतं. मागे सकाळचं ऊन, चकाकणारं पाणी. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्या चकाकीला भुलतो आणि समोरचा चेहरा अंधारात जातो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, +1.3 ने वाढवला, चेहरा उजळला. पण मागचं देऊळ पांढरंफटक झालं.

बॅगेत सोलापुरी टॉवेल होता, पांढरा. म्हटलं, आजी, हा मांडीवर पसरा. उन्हात येईल असा थोडा पुढे ओढला. खालून मऊ उजेड वर आला आणि सुरकुत्या, कुंकू, नाकातली मोरणी, सगळं हळूहळू दिसायला लागलं. देऊळही राहिलं.

फोटो बघून आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं इथं बसते. ऊन कायम पाठीवरच."

दिवसभर तेच वाक्य डोक्यात आहे. या काठावरून मी देवळाचे शेकडो फोटो काढलेत. त्यातल्या बऱ्याच फोटोंत कोपऱ्यात आजी आहेत, काळ्या सावलीसारख्या. मला ती 'छान सिल्हूट' वाटायची.

उद्या प्रिंट द्यायला जातोय. तुमच्या जुन्या फोटोंत अशा सावल्या किती आहेत?