तुम्ही विचारलंत म्हणून : आईंच्या गोळ्या कुणी बंद केल्या?

लग्नकार्यात, फोनवर, भाजी घेताना. 'सासूबाईंच्या गोळ्या बंद केल्यास ना गं?' विचारणारीचा निकाल आधीच लागलेला असतो. एकदाच सांगते.

बंद डॉक्टरांनी केल्या. पण 'कमी करता येतील का' म्हणून त्यांच्या मागे मी लागले होते, हेही खरं.

आई ८४ वर्षांच्या. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन. तिने काहींच्या पायांना सूज येते, आईंच्याही आली. सूज दाखवायला गेलो, तर क्लोरथॅलिडोन म्हणजे लघवीची गोळी मिळाली. मग रात्री उठाउठ, झोपेचं खोबरं, म्हणून क्लोनाझेपाम. त्याने सकाळी झोक जायला लागला, म्हणून चकरीची. शिवाय अ‍ॅसिडिटीची, कोलेस्टेरॉलची, कॅल्शियम आणि 'असू दे' म्हणून रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिन. डॉक्टर तीन, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नाही. यातल्या प्रत्येक गोळीमागचं कारण मी आजही सांगू शकते. तीच तर पंचाईत.

मग आई जेवेनाशा झाल्या. मळमळ, दिवसभर गुंगी. एका रात्री स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेले, तर त्या ओट्याशी उभ्या. गॅस चालू, वर काही नाही. 'ह्यांचा डबा राहिला,' म्हणाल्या. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली. मला त्यांनी धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली. घरात सगळ्यांचं एकच, वय झालं आता. स्मृतिभ्रंशाची गोळी लिहून मिळाली, तीही आणायला हे निघाले होते. तेवढ्यात आई बाथरूमपाशी कोसळल्या.

हॉस्पिटलात रक्त तपासलं. सोडियम ११६. असायला हवं १३५ ते १४५. गुंगी आणि भ्रम त्यानेच. मला वाटलं, मीठच ना, द्या भराभर. तर ते भराभर वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून दिवसाला आठ-दहाच्या वर चढू द्यायचं नाही. थेंब थेंब सलाइन, दर काही तासांनी रक्त. आई सुई उपटायच्या. त्यांचे हात मी धरून बसायचे. मला 'मेले' म्हणाल्या, चावल्या. हे माणूस उद्या असंच राहिलं तर, या विचाराने मी तिथे रडलेही नाही, नुसती बसून राहिले. सोडियम १२८ वर आलं त्या सकाळी त्यांनी माझा हात पाहून विचारलं, 'हे काय झालं गं?' दारात सापडला म्हटलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'चिठ्ठ्या नकोत. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा.' सोडियम उतरवणारी लघवीची गोळी बंद झाली, बीपीची बदलली. क्लोनाझेपाम एकदम तोडणं धोक्याचं, म्हणून ती आठवड्या-आठवड्याने उतरवली. हृदयविकार, अर्धांगवायू असं काही आधी झालेलं नव्हतं, तेव्हा अ‍ॅस्पिरिनही काढली. २०१८ साली ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतला 'अ‍ॅस्प्री' नावाचा मोठा अभ्यास आला. निरोगी वृद्धांत अ‍ॅस्पिरिनने फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला.

आधीची मी गोळ्यांच्या डब्याचे खण भरले की निश्चिंत व्हायचे. तिला मी मूर्ख म्हणणार नाही. तिच्यासमोर तीन डॉक्टरांच्या सह्या होत्या. त्यांच्यापुढे बारावी पास सून काय बोलणार होती?

आता तुम्हाला खरं जे विचारायचंय ते. यंदा आईंचं तोंड अर्धा तास वाकडं झालं. सरळ झालं, पण रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. नणंदबाई म्हणाल्या, 'अ‍ॅस्पिरिन चालू असती तर?' मी अभ्यासाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'त्यातली हजारो माणसं माझी आई नव्हती.' याला माझ्याकडे उत्तर नाही. कोलेस्टेरॉलची तेव्हा ठेवली, ती ठेवायची की नाही यावरही या वयात डॉक्टरांचंच एकमत नाही. पण लघवीच्या गोळीचं कुणी विचारत नाही. ती चालू राहिली असती तर काय, हे त्या रात्री ओट्याशी जे नव्हते त्यांना कसं सुचणार?

पुढच्या तपासणीला नणंदबाई येणार आहेत. बरंच आहे. डॉक्टरांना त्यांनी विचारावं, हवं ते. मीही आतच बसणार आहे.