सव्वा तास उभं राहून तीन मिनिटं

तर झालं असं की जुलैमध्ये मी अमेरिकेत ताईकडे होते आणि तिने लेकीला (वय वर्षं पाच) ऑरलँडोचं, म्हणजे फ्लोरिडातल्या त्या थीम पार्कांच्या गावाचं, कधीच कबूल करून ठेवलं होतं, त्यामुळे मी, ताई, भावोजी आणि भाची असे चौघं निघालो. पार्कचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, एक तर तक्रारी भरपूर आहेत आणि दुसरं म्हणजे तिकडच्या कुठल्याही मोठ्या पार्कात गेलात तरी थोड्याफार फरकाने हेच होणार.

आदल्या रात्री हॉटेलवर भावोजी फोन घेऊन बसले होते आणि ताई विचारत होती, अहो झाली का तिकिटं, आणि हे नुसते हूं हूं. कारण तिकिटाचा भाव तारखेप्रमाणे बदलतो, विमानासारखा. तिथल्या डिस्ने वर्ल्डमध्ये हे एका दिवसाच्या तिकिटाला २०१६ पासून सुरू झालं. १९७१ साली ते उघडलं तेव्हा आत जायला साडेतीन डॉलर पडायचे, राइडची कुपनं वेगळी, आणि आता ख्रिसमसच्या आठवड्यात मॅजिक किंगडमचं (डिस्ने वर्ल्डमधलंच एक पार्क) एका दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या आसपास जातं. पोरांचं स्वस्त असेल असं मला वाटत होतं, तर ३ ते ९ वयाचं तिकीट मोठ्यांपेक्षा थोडंसंच कमी. तीनच्या आतलं फुकट, पण आमची दोन वर्षांनी चुकली.

आणि हे सगळं फक्त आत जायचं. लाईन टाळायची असेल तर वेगळे पैसे. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो तिकिटातच असायचा, म्हणजे मशीनमधून कागदी चिठ्ठी घ्यायची, त्यावर वेळ लिहिलेली, तोवर दुसरीकडे हिंडून यायचं. करोनात पार्क बंद झाले तेव्हा तोही बंद झाला आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या जागी पैसे भरून घ्यायचं जिनी प्लस आलं, २०२४ मध्ये त्याचंही नाव बदलून लाइटनिंग लेन मल्टी पास झालं. युनिव्हर्सलमध्ये, म्हणजे ऑरलँडोतल्याच दुसऱ्या मोठ्या पार्कात, एक्स्प्रेस पास आहे, तोही विकतच. भावोजींनी चौघांचा हिशोब केला, फोन उलटा ठेवला आणि म्हणाले, "आपण लवकर उठू."

उठलो की! गेट उघडायच्या पाऊण तास आधी हजर, आणि आमच्यासारखे लवकर उठलेले अजून काही हजार लोक तिथे आधीच उभे. पार्किंगचे ३० डॉलर गेले होते ते वेगळेच. तरी खरं सांगायचं तर पहिल्या दीड तासात आमच्या तीन राइड झाल्या आणि पुढे दुपारी चारपर्यंत दोन. त्यामुळे लवकर उठणं काही वाया गेलं नाही, हे कोणी जाणार असेल त्याच्यासाठी.

मग ती मोठी राइड. बोर्डवर लिहिलेलं, ७५ मिनिटं. लाईन बाहेरून दिसते एवढीशी, आत गेलं की वळण, मग अजून एक वळण, मग अंधारी खोली, तिथे काहीतरी गोष्ट सांगतात, आपल्याला वाटतं आलं वाटतं, तर त्या खोलीच्या दारापलीकडे अजून एक लाईन! हे सगळं मुद्दाम असतं, पूर्ण लाईन एकदम दिसली तर निम्मे लोक परत जातील ना. हातात काहीतरी बघायला, दाबायला दिलं की वेळ कमी वाटतो हेही त्यांना पक्कं माहीत असतं. डिस्नेवाले तर मधूनच एखाद्या पाहुण्याच्या हातात लाल कार्ड देतात, ते राइडपाशी परत द्यायचं, त्यावरून लाईनीला किती वेळ लागतोय ते कळतं. म्हणजे आपणच त्यांचं घड्याळ.

पण माझं डोकं फिरलं ते शेवटच्या वळणावर, जिथे पैसेवाली लाईन येऊन आपल्या लाईनीला मिळते. तिथे एक पोरगा उभा होता आणि मी दुसरं काम नव्हतं म्हणून मोजत बसले, आमच्यातलं एक कुटुंब सोडलं की तिकडची तीन-चार सोडायचा. त्या पोराचा काय दोष, त्याला सांगितलेलंच तसं असणार. पण तेव्हा लक्षात आलं की ते लोक लाईन टाळत नाहीयेत, त्यांची लाईन आम्ही उभी करतोय. आणि लाईन जितकी लांब तितका तो पास घ्यावासा वाटणार, मग लाईन छोटी करायची घाई कोणाला असेल?

असो. सव्वा तासाने अगदी गाडीपाशी पोचलो आणि तिथल्या बाईने उंचीच्या काठीपाशी भाचीला उभं केलं. ४४ इंच पाहिजे, ही ४३. ताईने तिचा अंबाडा वर बांधला होता, खाली एंट्रीला गर्दीत तो उंचीत मोजला जाऊन ही पास झाली होती, इथे त्या बाईने हाताने तो हळूच दाबला. चूक आमचीच. भाची रडली नाही, काठीकडे नुसती बघत राहिली, ते जास्त वाईट.

मग रायडर स्विच म्हणून प्रकार असतो, एक मोठं माणूस मुलापाशी थांबतं आणि बाकीचे जाऊन आले की त्याला लाईन न लावता आत सोडतात. मी आणि भावोजी बसलो, तीन मिनिटांत संपलं. मग ताई, जिला मुळात बसायचंच नव्हतं, पैसेवाल्या लाईनीतून दहा मिनिटांत जाऊन आली आणि म्हणे, "बरी होती."

दुपारी फ्लोरिडाचा तो नेहमीचा उन्हाळी पाऊस आला, विजा चमकल्या की बाहेरच्या राइड बंद, मग अख्खं पार्क दुकानांत घुसलं. तिथे पैसे किती गेले ते लिहीत नाही, ताई हे वाचते. पाण्याची बाटली मात्र विकत घेऊ नका, बऱ्याच काउंटरवर मागितलं तर बर्फाचं पाणी कपात फुकट देतात, हे आम्हाला तिसऱ्या बाटलीनंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या बाथरूमच्या दाराला पाठ लावून भाची उभी. "मावशी, मोज."

मोजलं. तेवढीच.

"मग पुढच्या वर्षी," ती म्हणाली आणि खेळायला गेली. भावोजी बॅग भरत होते, ते एकदम थांबले.